शेतात पांढरे खडे, झाडाला पिवळी पानं : पहूरच्या मातीतला चुना नेमका करतो काय?

तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल, तर हा फोटो तुम्ही नक्की बघितलाय. लिंबाची किंवा केळीची कोवळी पानं पिवळीजर्द पडलेली, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी स्केचपेनने आखून ठेवल्यात. खाली एकच ओळ, "भाऊ, कोणता रोग आहे? काय फवारू?" आणि मग पुढच्या दहा मिनिटांत दहा औषधांची नावं.

बऱ्याच वेळा खरं उत्तर असतं, रोगच नाहीये. फोटो पानाचा काढलाय, पण भानगड मातीत आहे.

माझ्या मामांच्या लिंबाच्या बागेत हेच झालं. जामनेर तालुक्यात, पहूर ते शेंदुर्णीच्या दरम्यान त्यांचं शेत आहे. तीन वर्षं बाग झकास होती. चौथ्या वर्षी शेंडे पिवळे पडायला लागले. बुरशीनाशक झालं, कीटकनाशक झालं, "टॉनिक" नावाच्या दोन महागड्या बाटल्या झाल्या. सहाव्या वर्षी अर्धी बाग काढून टाकली. झाडं उपटताना मुळांबरोबर वर आले ते शेंगदाण्याएवढे, सुपारीएवढे पांढरे खडे. मामा म्हणाले, "हे खडे तर मी लहानपणापासून पाहतोय." तर विषय हाच आहे. जे सगळे लहानपणापासून पाहतात, ते बाग लावताना कुणी मोजत का नाही?

आधी जागा समजून घेऊ. जळगावहून अजिंठा लेण्यांकडे जाताना पहूर लागतं. पेठ आणि कसबे अशी गावाची दोन अंगं. पूर्वी पाचोरा ते जामनेर धावणाऱ्या छोट्या 'पीजे' रेल्वेमुळेही हे नाव अनेकांना माहीत असेल. गावाजवळून वाघूर नदी वाहते. ही तीच वाघूर, जिच्या नालाच्या आकाराच्या वळणावर अजिंठ्याची लेणी कोरली आहेत. डोंगरातून उतरताना ती दगडगोटे, वाळू आणि गाळ घेऊन येते, उत्तरेकडे जाते आणि तापीला मिळते. त्यामुळे या पट्ट्यात एकाच शिवारात तीन तऱ्हेच्या जमिनी सापडतात. नदीकाठी खोल गाळाची, त्याला लागून भारी काळी आणि जरा चढाला गेलं की मुरमाड, खडे असलेली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेलात तरी मातीचा स्वभाव बदललेला असतो. शेजाऱ्याच्या रानात मोसंबी झाली म्हणून आपल्याही होईल, हा हिशोब इथेच फसतो.

हा चुना आला कुठून?

अनेकांना वाटतं की चुना म्हणजे जुन्या समुद्राचा अवशेष, शिंपल्यांचा वगैरे. जगात काही ठिकाणी ते खरं आहे. खान्देशात नाही. इथला चुना आपल्या काळ्या पाषाणातून, बेसाल्टमधून आलाय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. या खडकातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम भरपूर असतं. पाऊस पडतो, पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. शिवाय मुळं आणि मातीतले जीवजंतू श्वासातून आणखी कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी किंचित आंबट होतं, म्हणजे अगदी सौम्य सोडावॉटरच. हे पाणी खडक झिजवतं, कॅल्शियम सोडवून घेतं आणि खाली मुरतं.

आता खरी गंमत. हाच खडक कोकणातही आहे. पण तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सुटलेलं कॅल्शियम पार वाहून समुद्रात जातं, माती आम्लधर्मी होते आणि मागे उरतो लाल जांभा. जळगाव जिल्ह्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. पाणी फूट-दोन फूट, फार तर तीन-चार फूट खाली जातं आणि मग ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं. पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि विरघळलेलं कॅल्शियम जिथल्या तिथे कॅल्शियम कार्बोनेट म्हणून बसतं. दरवर्षी थोडं थोडं, असं हजारो वर्षं. आधी पांढरी भुकटी, मग मुळांच्या जुन्या वाटांमध्ये पांढरे धागे, मग खडे आणि काही ठिकाणी तर सलग कडक थर, ज्यावर कुदळ टणकन वाजते. तुमच्या घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त शेताएवढ्या गिझरमध्ये.

जमीन खडेगोट्यांची असेल तर हे काम आणखी लवकर होतं. कारण साधं आहे. दगडांनी जागा अडवलेली असते, बारीक माती कमी असते, त्यामुळे तेवढाच चुना कमी मातीत दाटतो. अशा जमिनीतला एखादा गोटा जपून उचला आणि उलटा करून बघा. वरची बाजू काळी आणि खालची पांढरी दिसू शकते. पाणी गोट्याच्या बुडाला थेंबासारखं लटकून राहतं आणि तिथेच वाळतं, म्हणून चुना खालून चढतो. गोट्याच्या बुडाला जाड पांढरी साय असेल, तर तो बराच काळ त्याच जागी, त्याच बाजूवर पडून आहे असं समजा. मला स्वतःला ही गोष्ट कळल्यापासून बांधावरचे दगड उलटे करून बघायची खोड लागलीये. विंचवाची काळजी घ्या, एवढंच.

जुन्या माणसांना या खड्यांचा उपयोग माहीत होता. हेच खडे भट्टीत भाजायचे, विझवायचे, मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे आणि त्यातून वाडे, विहिरी, गढ्या उभ्या राहायच्या. सिमेंट आलं, भट्ट्या गेल्या आणि खडे शेतातच राहिले.

मग झाड पिवळं का पडतं?

चुना विषारी नाही. कॅल्शियम तर झाडाला हवंच असतं. अडचण वेगळी आहे. मातीत मोकळा चुना असला की मातीचा सामू ८ च्या आसपास, बहुतेक वेळा ८.२ ते ८.४ पर्यंत जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. अशा मातीत लोह विरघळत नाही. सामू एका अंकाने वाढला की लोहाची विरघळण्याची क्षमता सुमारे हजार पटीने घटते. हजार टक्के नाही, हजार पट. आपल्या मातीत लोह किती? बेसाल्टची माती, भरपूर! म्हणजे कोठार भरलेलं आहे, पण कुलूपबंद.

पानात हिरवा रंग तयार व्हायला लोह लागतं. झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देऊ शकत नाही. त्यामुळे आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. शेतकरी याला 'केवडा पडला' म्हणतात. नत्र कमी पडलं तर उलट होतं. आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, कारण नत्र झाड वर हलवू शकतं. हा एकच फरक लक्षात ठेवला तरी अर्धी फवारणी वाचते.

केळीवाल्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. जळगावच्या केळीला २०१६ पासून जीआय मानांकन आहे आणि जिल्ह्याचं अर्थकारण तिच्यावर चालतं. तिला सीएमव्ही नावाचा विषाणूही छळतो. त्यातही पानावर पिवळेपणा येतो, पण तो पट्ट्यापट्ट्यांचा आणि वेडावाकडा असतो. तो मधूनच एखाद्या झाडावर दिसतो आणि मग पसरतो. असं झाड उपटून नष्ट करावं लागतं. चुन्याचा पिवळेपणा मात्र जागेला चिकटलेला असतो. शेताच्या त्याच कोपऱ्यात, त्याच चढावर, दरवर्षी. त्यात झाड उपटायची काहीच गरज नसते. फोटोवरून ग्रुपवर निदान करणाऱ्याला पान दिसतं, कोपरा दिसत नाही. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पान घेऊन जा.

पिवळेपणा थंडीत आणि जास्त पाण्यात का वाढतो, हेही सांगायला हवं. माती गार पडली की मुळं मंदावतात. पाणी साचलं की कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना लोह उचलणं आणखी जड जातं. आणि आपण काय करतो? झाड पिवळं दिसलं की ठिबक दोन तास जास्त चालवतो. म्हणजे आजार वाढवायचं औषध देतो. त्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर त्यातूनही चुना येतच असतो. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटं चढतात आणि मग ॲसिड सोडून नळ्या धुवाव्या लागतात, ती याच पाण्यामुळे.

लोहाबरोबर जस्तही अडकतं. स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. वर टाकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो, म्हणून अशा जमिनीत युरिया नुसता फेकून ठेवायचा नसतो, मातीआड करायचा किंवा लगेच पाणी द्यायचं.

फ्रान्सनेही हेच भोगलंय

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा फस्त केल्या. ही कीड अमेरिकेतून आली होती आणि अमेरिकन वेलींची मुळं तिला दाद देत नव्हती. म्हणून फ्रेंचांनी अमेरिकन खुंटावर आपल्या वेलींची कलमं बांधली. कीड आटोक्यात आली. पण शॅम्पेन आणि कोन्याक भागातल्या थंड, चुनखडीच्या जमिनींवर ही नवी कलमं पिवळी पडून मरायला लागली. नेमका आपला केवडा! शेवटी १८८७ साली पिएर व्हियाला नावाच्या शास्त्रज्ञाला अमेरिकेला पाठवलं, चुन्यात तगणारी जंगली वेल शोधून आण म्हणून. तो टेक्सासमध्ये थॉमस मन्सन या द्राक्षतज्ज्ञाला भेटला आणि तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या वेलींवरून पुढे खुंट तयार झाले. मन्सनला फ्रान्सने मोठा सन्मान दिला. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये जो 'डॉगरिज' खुंट वापरतात, तोही मूळचा टेक्सासचाच.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी माती बदलायचा नाद सोडला आणि झाडाची मुळं बदलली.

अर्थात थंड देशातली चुनखडीची जमीन आणि आपली, यात एक मोठा फरक आहे. मातीच्या अमेरिकन वर्गीकरणात वर्षाचं सरासरी मृदा तापमान ८ अंशांखाली असलं की जमीन 'थंड' गटात जाते. २२ अंशांच्या वर गेलं की अतिउष्ण गटात. खान्देश कुठे बसतो हे भुसावळकरांना विचारायची गरज नाही. थंड जमिनीत पालापाचोळा हळू कुजतो, म्हणून चुना असूनही वर काळा, भुसभुशीत थर टिकतो आणि तो थर झाडाला सांभाळून घेतो. आपल्याकडे टाकलेलं शेणखत दोन उन्हाळ्यांत जळून जातं. म्हणून इथे शेणखत एकदा टाकून भागत नाही, दरवर्षी टाकावं लागतं.

बाटलीने चुना जातो का?

"जमिनीतला चुना कमी करणारं" असं लिहिलेली बाटली दुकानात मिळते. चला, हिशोब करू. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. वरची ३० सेंटिमीटर माती धरली तर १,२०० घनमीटर, वजन अंदाजे १,५०० टन. त्यात १० टक्के चुना असेल तर झाला १५० टन. हा सगळा चुना गंधकाने संपवायचा तर रसायनशास्त्राच्या हिशोबाने १०० किलो चुन्याला ३२ किलो गंधक लागतं. म्हणजे एकरी जवळजवळ ४८ टन गंधक. साधारण पाच ट्रक. आणि तुमच्या हातात आहे एक लिटरची बाटली.

गंधक वाया जातं असं नाही. मुळांजवळच्या छोट्या पट्ट्यात ते दिलं तर तेवढ्या जागेत सामू खाली येतो आणि झाडाला श्वास मिळतो. पण "शेतातला चुना गेला" असं होत नाही. जिप्समबद्दलही मोठा गैरसमज आहे. जिप्सम सोडियमने बिघडलेल्या, चोपण जमिनीसाठी असतं. ते स्वतः कॅल्शियमचं संयुग आहे. चुन्याच्या जमिनीत 'चुना मारायला' जिप्सम टाकणं म्हणजे गोड कमी करायला साखर टाकण्यातला प्रकार. चुना आणि सोडियम या दोन गोष्टी कधी कधी एकत्र येतात, हे मात्र खरं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की कोरड्या हवामानात काळ्या मातीत चुना साठत जातो, तसं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि सोडियमचा वाटा वाढतो. मग माती चिकट होते, पाणी मुरत नाही. म्हणूनच अंदाजाने नाही, तपासून काय ते टाकायचं.

काम काय करतं? पानांवर फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस. लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास, ऊन उतरल्यावर, आधी दोन-चार झाडांवर करून बघून. जमिनीतून द्यायचं तर कोरडं फेकू नका, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. चिलेटेड लोह घेताना पाकिटावरचं नाव वाचा. 'ईडीटीए' प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, त्यामुळे आपल्या जमिनीत ते ठिबकने सोडणं म्हणजे पैसे सोडणं. ते फवारायला ठीक. जमिनीतून द्यायला 'ईडीडीएचए' प्रकार लागतो, तो सामू ९ पर्यंतही टिकतो. महाग आहे, म्हणून दुकानदार आधी पहिलं दाखवतो.

कार्डावर नसलेला रकाना

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. मोजत का नाही?

मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. या कार्डावर १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पुन्हा वाचा. यात मुक्त चुना नाही. सामू बघून अंदाज येतो, पण सामू ८.२ असलेल्या जमिनीत चुना ३ टक्केही असू शकतो आणि १५ टक्केही. लिंबूवर्गीय बागेसाठी साधारण १० टक्क्यांच्या वर चुना नको असा सल्ला दिला जातो. म्हणजे ज्या आकड्यावर बाग लावायची की नाही हे ठरतं, तोच आकडा कार्डावर नाही. प्रयोगशाळेत वेगळं सांगितलं तर तो काढून मिळतो. 'मुक्त चुना' किंवा 'चुनखडीचं प्रमाण' असं नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा.

दुसरी गोम खोलीची. हंगामी पिकासाठी वरची १५-२० सेंटिमीटर माती घेतात. चुना बसतो खाली. वरच्या मातीचा रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास येऊ शकतो आणि लिंबाचं मूळ चौथ्या वर्षी खालच्या पांढऱ्या थरात पोचतं. मामांच्या बागेत चौथं वर्षच का, याचं उत्तर बहुतेक हेच. फळबागेसाठी तीन फूट खड्डा घ्या आणि दर फुटाची माती वेगळ्या पिशवीत द्या.

तिसरी गोष्ट खड्यांची, आणि ही तर कुणीच सांगत नाही. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. वर उरलेले खडे बाहेर. रिपोर्ट फक्त खाली पडलेल्या बारीक मातीचा. तुमच्या जमिनीत ४० टक्के जागा खड्यांनी व्यापली असेल, तर पाणी आणि अन्न धरायला उरली ६० टक्केच, आणि रिपोर्टवर हे कुठेच दिसत नाही. म्हणून अशा जमिनीत पाणी आणि खत दोन्ही थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. खड्यांचा फायदाही आहे, निचरा उत्तम होतो आणि मुळांना हवा मिळते. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात तर गोटे आणि वाळूचे एवढे जाड थर आहेत की पाणी झपाझप खाली जातं. तिथल्या उपशाने खोल गेलेलं भूजल भरायला तापी मेगा रिचार्जची योजना आखलीये. त्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

घरच्या घरी झटपट अंदाज हवा असेल तर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घ्या. बाथरूमचं ॲसिड नको. खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली थेंब टाकत या. जिथे माती फसफसायला लागते, तिथून चुना सुरू झाला. फसफस जोरात, तर चुना जास्त. हा आकडा नाही, इशारा आहे. आकडा प्रयोगशाळेतूनच घ्यायचा.

आणि चुना जास्त निघालाच तर? सीताफळ, बोर, चिंच, आवळा या मंडळींना त्याचं फारसं काही वाटत नाही. कपाशीही बऱ्यापैकी तगते. भुईमूग आणि सोयाबीन लवकर पिवळे पडतात. मोसंबी-लिंबू लावायचंच असेल तर रोपवाटिकेत खुंट कोणता ते विचारा. रंगपूर लाइमचा खुंट चुना बऱ्यापैकी सोसतो. रोपवाटिकावाल्याला खुंटाचं नाव सांगता येत नसेल, तर दुसरी रोपवाटिका बघा.

मामांनी काढलेल्या अर्ध्या बागेत आता सीताफळ आहे. उरलेल्या लिंबांना दरवर्षी शेणखत आणि पाळीत पाणी. पूर्ण हिरवी झालेली नाहीत, पण लिंबं येतात. परवा त्यांनी मला ग्रुपवरचा एक फोटो पाठवला. तीच पिवळी पानं, तोच प्रश्न, खाली बारा औषधं. तेराव्या नंबरवर मामांचा मेसेज होता, "भो, आधी झाडाजवळ तीन फूट खड्डा घे आणि खड्ड्याचा फोटो टाक."